सत्तावन्न हजार चित्रे आणि साडेचार लाख भोके

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की मराठी वृत्तपत्रांत दादासाहेब फाळके येतात. ३० एप्रिलला त्यांची जयंती असते आणि २१ एप्रिल व ३ मे या ‘राजा हरिश्चंद्र’ या त्यांच्या पहिल्या कथापटाच्या पहिल्या खेळांच्या तारखा. या लेखांच्या शेवटाकडे कुठेतरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही येतात, आणि तिथे दर वर्षी तीच वाक्ये असतात. त्यांनी अंगावरचे दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, पतीच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या. जागा उरलीच तर ‘फिल्मला छिद्रे पाडण्यातही त्यांनी मदत केली’ असे एक वाक्य जोडलेले असते.

हे पत्र त्या जोडलेल्या वाक्याबद्दल आहे. जुन्या फिल्मशी रोज संबंध येणाऱ्या आम्हा काही जणांना त्यातला ‘मदत’ हा शब्द खटकतो. ते काम नेमके काय असते, किती असते आणि बिघडले तर काय होते, हे कुणी लिहीत नाही. म्हणून जागा मिळाली तर आम्हीच लिहितो.

फिल्म म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन्ही कडांना चौकोनी भोके असलेली पट्टी येते. फाळक्यांनी मागवलेली कच्ची फिल्म तशी नव्हती. ती ३५ मिलिमीटर रुंदीची कोरी पट्टी होती, एकही भोक नसलेली. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परत आले. विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा त्यांनी पन्नास पौंडांना घेतला. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे साडेसातशे रुपये झाले. त्याच्याबरोबर कोडॅकची कच्ची फिल्म आणि भोके पाडायचे यंत्र मागवले. यंत्र आले म्हणजे भोके आली असे नसते. ते चालवणारे माणूस लागते, तेही अंधारात आणि दिवसाचे काम संपल्यावर. फाळक्यांनी ते सरस्वतीबाईंना शिकवले. आणि मुले निजल्यावर रात्री त्या ते करत.

आता हिशेब. एका फुटात १६ चित्रे बसतात. प्रत्येक चित्राला एका कडेला ४ आणि दुसऱ्या कडेला ४, अशी ८ भोके लागतात. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट, चार रिळे. गुणाकार केला तर ४,७३,६०० येतात. एका दाबात दोन्ही कडांची एक जोडी पडते असे धरले आणि सेकंदाला एक दाब असा न थांबता वेग धरला, तरी सुमारे ६६ तास होतात. हे फक्त पडद्यावर राहिलेल्या लांबीचे. वाया गेलेले शॉट, चाचणीचे तुकडे, फसलेल्या पट्ट्या यांना भोके पाडावीच लागली होती. कॅमेऱ्यात घालण्याआधी कुठली पट्टी वाया जाणार हे कुणाला ठाऊक असते? शिवाय ज्या पॉझिटिव्हवर प्रत काढायची तीही कोरी असेल तर एका प्रतीसाठी आकडा सरळ दुप्पट होतो.

गंमत अशी की फाळक्यांनी स्वतः जाहिरातीत आकडाच वापरला होता. सुरतेला खेळ लावला तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार फोटोग्राफ, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात केली. दोन मैल ही जाहिरातीची अतिशयोक्ती आहे. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. पण सत्तावन्न हजार हा आकडा हवेतला नाही. १६ ने भागा, ३,५६० फुटांच्या आसपास येतो. ज्याने फूट मोजले होते त्याचाच हा आकडा आहे. त्याच सत्तावन्न हजारांना ८ ने गुणले की ४,५६,००० भोके होतात. त्यांची जाहिरात करण्यासारखे काही नव्हते. प्रेक्षकाला ती दिसत नाहीत, आणि दिसली तर प्रोजेक्टरवाल्याचे काहीतरी चुकलेले असते.

यंत्र पाहायला साधे असते. खाली पोलादी साचा, वर त्यात तंतोतंत बसणारे पंच, आणि फिल्म ठरावीक अंतराने पुढे ओढणारी खुंटी. ही खुंटी आधी पाडलेल्या भोकात शिरते आणि त्यावरून पुढच्या भोकाची जागा ठरते. त्यामुळे एक चूक एकटी राहत नाही. एक भोक तिरपे पडले की पुढचे त्याच्या आधाराने तिरपे पडते, आणि दहा-बारा फूट गेल्यावर लक्षात येते की मघापासून सगळेच सरकते आहे. दोन भोकांमधले अंतर ४.७५ मिलिमीटर असायला हवे. चित्राची उंची सुमारे १८ मिलिमीटर असते. पडद्यावर ती तीन मीटर केली तर दीडशे पटींहून अधिक वाढ झाली. भोक एक दशांश मिलिमीटर सरकले की पडद्यावर राजाचे डोके दीड सेंटिमीटरहून जास्त उडते. एकदा उडाले तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण सेकंदाला सोळा चित्रे जात असताना प्रत्येक चौथे-पाचवे उडाले तर प्रेक्षकाचे डोके दुखते आणि कशाने दुखते ते त्याला कळत नाही.

पंचाची धार गेली की भोक कापले न जाता दाबले जाते. कडेला सूक्ष्म कंगोरा उठतो. तो बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. असा कंगोरा असलेली पट्टी कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या खिडकीत, सपाट बसत नाही. चित्र मधूनच धूसर येते आणि दोष भिंगाच्या माथी मारला जातो. भोकातून पडलेला चुरा ही दुसरी डोकेदुखी. सेल्युलॉइड घासले की त्यात वीज भरते आणि चुरा परत फिल्मलाच चिकटतो. चित्रण होताना तो कण प्रकाश अडवतो, निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रतीवर तो काळा उमटतो. म्हणून दर काही फुटांनी थांबून साचा कुंचल्याने झाडायचा, आणि फिल्म कायम कडांनी धरायची. घामाचे बोट मसाल्याच्या, म्हणजे चित्र उमटणाऱ्या लेपाच्या, बाजूला लागले की ठसा राहतो आणि धुतल्यावर तो स्पष्ट दिसतो. मुंबईच्या दमट हवेत हात कोरडे ठेवणे हेच एक काम आहे.

आणि हे सगळे लाल कंदिलाच्या उजेडात. त्या काळची फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील असे आणि लाल तिला जवळपास दिसत नसे, म्हणून मंद लाल दिवा चालायचा. पण तो फार जवळ आणला, काच तडकलेली असली किंवा एकच पट्टी फार वेळ उजेडासमोर राहिली, की फिल्मवर धुके, म्हणजे नको असलेला काळपटपणा, चढते. त्यामुळे हात डोळ्यांपेक्षा शहाणा असावा लागतो. भोक बरोबर पडले की नाही ते अंगठ्याच्या पेराला आधी कळते.

आणखी एक गोष्ट लेखांतून हमखास सुटते. ही फिल्म नायट्रेटची होती. रसायनाने ती गनकॉटन या स्फोटकाची जवळची नातलग. तिला जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो, म्हणून एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते. दादरच्या ज्या मथुरा भवनात ही फिल्म उलगडली, गुंडाळली, धुतली आणि वाळवली गेली, त्याच वास्तूत साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होत होता. स्वयंपाक आणि फिल्म या दोन कामांची आपण लेखात वेगवेगळी वाक्ये करतो. पण एकाच बाईच्या देखरेखीखाली चूल आणि नायट्रेट सहा-सात महिने एका छपराखाली नांदले, ही निव्वळ सुदैवाची गोष्ट असेल असे आम्हाला वाटत नाही. डबा कुठे ठेवायचा, कोणते दार बंद ठेवायचे, ओल्या फिल्मच्या खोलीत कोण जाणार आणि कोण नाही, हे कुणीतरी रोज ठरवत होते.

भोके झाली, चित्रण झाले, की धुण्याचे काम सुरू होते. तेही सरस्वतीबाईंकडे होते. रसायने मिसळणे, फिल्म धुणे आणि कॅमेऱ्यात फिल्म भरणे त्या शिकल्या होत्या. त्या काळी सर्रास वापरात असलेला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे द्रावण, मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचा. त्यात घटक टाकण्याचा क्रम चुकला तर माल गेला. मेटॉल आधी, कारण सोडियम सल्फाइट पडल्यावर ते नीट विरघळत नाही. मग सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, त्यानंतर सोडियम कार्बोनेट, शेवटी चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड. सल्फाइटच्या आधी कार्बोनेट पडले तर द्रावण बघता बघता तपकिरी होते आणि फेकावे लागते. ब्रोमाइड कमी पडले तर धुके, जास्त पडले तर चित्र उशिरा आणि दुबळे येते. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही, तराजू लागतो.

मग फिल्म लाकडी चौकटीवर वेटोळे घालून चढवायची. मसाल्याची बाजू बाहेर, एक वेढा दुसऱ्याला लागता कामा नये. ओली फिल्म फुगून लांब होते आणि सैल पडते. सैल पडली की शेजारच्या वेढ्याला चिकटते आणि जिथे चिकटली तिथे चित्र उमटतच नाही. चौकट डेव्हलपरच्या टाकीत, मग पाण्यात, मग चित्र पक्के करणाऱ्या हायपोत, मग पुन्हा भरपूर पाण्यात. हायपो पूर्ण निघाला नाही तर काही महिन्यांत चित्र पिवळे पडायला लागते. वाळवायची ती मोठ्या ढोलावर, धूळ नसलेल्या खोलीत. हे सगळे ओळखीचे वाटावे इतके वाचून झाले असेल, पण खरी अडचण तापमानाची आहे. डेव्हलपरची पुस्तके थंड देशांत लिहिलेली. त्यांत १८ अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी धरलेले असते. मुंबईत नळाचे पाणी हिवाळ्यातही त्याहून गरम आणि मार्च-एप्रिलमध्ये तर विचारायलाच नको. २४ अंशांच्या वर गेले की जिलेटिन मऊ पडते, कडेला सुरकुत्या धरते, आणि धसमुसळेपणाने हाताळले तर पट्टीवरून सुटून येते. त्यावर तीन उपाय होते. रात्री उशिरा काम करा, टाकीभोवती बर्फ ठेवा, जिलेटिन घट्ट करायला तुरटी वापरा. तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. त्यांना झोप न घेणारे माणूस लागते.

इथे सहजीवनाचा मुद्दा येतो, आणि ‘पाठीशी उभ्या राहिल्या’ हा शब्दप्रयोग कसा चुकतो ते दिसते. दिवसा चित्रण व्हायचे कारण सूर्य हाच एक दिवा होता. हँडल सेकंदाला दोन फेऱ्या या गतीने फिरवले की सोळा चित्रे जातात. प्रत्येक चित्राला सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा उजेड मिळतो. त्या काळच्या मंद फिल्मला एवढ्यात चित्र उमटवायचे तर कडक ऊनच हवे. त्यामुळे दिवसभरात कामाचे तास मोजकेच. पण घेतलेला शॉट बरा आला की वाया गेला, हे निगेटिव्ह धुतल्याशिवाय कळत नव्हते. सेट मोडायचा की ठेवायचा, तोच प्रवेश उद्या पुन्हा घ्यायचा की पुढे जायचे, नटांना उद्या कोणती वस्त्रे घालायला सांगायची, हे सगळे रात्रीच्या टाकीतून ठरत होते. दिग्दर्शकाचा उद्याचा दिवस आदल्या रात्रीच्या खोलीत तयार होत होता, आणि ती खोली सरस्वतीबाईंची होती. रात्रीची पाळी बुडाली असती तर दिवसाची पाळी आंधळी झाली असती.

शिवाय दिवसाची पाळीही त्यांना होतीच. उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. त्याचे वर्णन वाचताना वाटते की पतीवर छत्र धरल्यासारखे काहीतरी असावे. प्रत्यक्षात ते प्रकाशयोजनेचे काम होते. ऊन डोक्यावर आले की भुवयांखाली आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात. त्यात ती फिल्म लाल-पिवळा रंग पाहू शकत नसल्याने आपल्याकडच्या त्वचेचा रंग मुळातच काळवंडून येई, म्हणून चेहऱ्यांना पांढरा लेप द्यावा लागे. सावली उजळायची तर पांढऱ्या कापडावरून ऊन परतवून चेहऱ्यावर टाकायचे. कापड वाऱ्याने हलले तर चेहऱ्यावरचा उजेड थरथरतो आणि तो फिल्मवर उतरतो. धरणाऱ्याचा हात दुखून चार बोटे खाली आला की अर्ध्या प्रवेशात राणीचे डोळे अंधारात जातात. कापड धरणाऱ्याने नटाकडे पाहायचे नसते, नटाच्या चेहऱ्यावरच्या उजेडाकडे पाहायचे असते. आजच्या युनिटमध्ये याला वेगळे नाव आहे आणि वेगळा पगार आहे.

तारामतीची भूमिका त्यांनी नाकारली, हा किस्सा दर वर्षी ‘विनय’ या सदरात छापला जातो. बायका मिळत नव्हत्या हे सर्वांना ठाऊक आहे. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना महिना पंधरा रुपयांवर घेतले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग होते. सरस्वतीबाईंनी नकार देताना हातातली बाकीची कामे कोण करील, असे विचारल्याचे सांगतात. हे उत्तर विनयाचे वाटत नाही, वेळापत्रकाचे वाटते. त्या कॅमेऱ्यासमोर गेल्या असत्या तर त्या तासात चादर कोण धरणार, आणि दिवसभर रंग लावून उभे राहिल्यावर रात्री साच्यावर कोण बसणार? तारामती पंधरा रुपयांत मिळाली. दुसरी सरस्वतीबाई मिळाली नसती.

आता दागिने. ते दिले यात वाद नाही, पण ‘त्याग’ म्हणून आपण विषय संपवतो आणि व्यवहार पाहत नाही. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे, आणि त्यावर चालणाऱ्या ब्रिटिश न्यायालयांप्रमाणेही, स्त्रीधन हे बायकोचे. याज्ञवल्क्यस्मृती नवऱ्याला ते परत न देण्याची सूट मोजक्या प्रसंगी देते: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, आणि सावकाराने वगैरे अडवून ठेवणे. चित्रपट काढणे या यादीत बसत नाही. म्हणजे हे दागिने ‘घरातलेच’ नव्हते. ते एका स्वतंत्र मालकाचे भांडवल होते, आणि तो मालक व्याज, हिस्सा, कागद यांपैकी काही न मागता धंद्यात उतरला होता.

विम्याचेही तसेच. लंडनला जाण्यासाठी फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजार रुपये उभे केले. आयुर्विमा कुणासाठी असतो? मागे राहणाऱ्या बायकोमुलांसाठी. ज्या माणसाची सरकारी नोकरी सोडून झाली आहे, ज्याची छपाईची भागीदारी फिसकटली आहे, सतत सिनेमे पाहून आणि प्रयोग करून ज्याचे डोळे नुकतेच जाता जाता वाचले आहेत, तो आपला विमा गहाण टाकतो तेव्हा खरी जोखीम कोण घेते आहे? तो गेला तर त्याचे काही देणे राहत नाही. राहते ते तिच्यासाठी.

परत आल्यावर पुढच्या भांडवलासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली आणि ‘अंकुराची वाढ’ दाखवून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्याकडून पैसे मिळवले. याबद्दल एक छोटी तक्रार. रोज एक चित्र, महिनाभर, आणि तयार झाला मिनिटभराचा चित्रपट, असे सर्वत्र छापले जाते. तीस चित्रे म्हणजे सोळाच्या गतीने दोन सेकंदही होत नाहीत. मिनिटाला ९६० चित्रे लागतात. महिन्यात ती घ्यायची तर दिवसाला तीसबत्तीस. म्हणजे कॅमेरा न हलवता, कुंडी न हलवता, दिवसभर ठरावीक वेळाने कुणीतरी हँडलपाशी हजर असायला हवे. लहान मुलांच्या घरात महिनाभर एक तिपाई आणि एक कुंडी जागची हलू न देणे हे कुणाचे काम असते, ते वाचकांनीच ठरवावे.

उलट बाजूची अतिशयोक्तीही आम्हाला मान्य नाही. अलीकडे सरस्वतीबाईंना ‘भारताच्या पहिल्या फिल्म एडिटर’ असा किताब दिला जातो. भोके पाडणे, रसायने, धुलाई, फिल्म भरणे, चादरी, खानावळ ही कामे फाळक्यांच्या चरित्रांतून पुन्हापुन्हा समोर येतात. जोडकामाची कात्री त्यांच्या हातात होती असे तितक्या ठामपणे म्हणण्याजोगे काही आमच्या वाचनात नाही, आणि चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणाऱ्या फाळक्यांच्याच १९१७ च्या लघुपटात फिल्म हाताळताना दादासाहेब स्वतः दिसतात. मोठा वाटणारा किताब देऊन खरे काम झाकण्यापेक्षा खऱ्या कामाचे नाव घेतलेले बरे. एडिटर म्हटले की लोकांना कळते आणि परफोरेशन (भोके पाडणे) म्हटले की कळत नाही, म्हणून एडिटर म्हणायचे, हा काही न्याय नव्हे.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर कारखाना नाशिकला गेला, महायुद्धात कच्ची फिल्म आणि पैसा दोन्ही आटले, १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी झाली. कंपनी झाल्यावर पगारी माणसे आली आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीची ती रचना मागे पडली. त्याबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ आहे. ती १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. वाद बाजूला ठेवला तरी फिल्म जतन करणाऱ्या कुणालाही माहीत असलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. जुन्या रिळावरून नवी प्रत काढतात तेव्हा चित्र उतरते, ओरखडे उतरतात, धुलाईतले डागसुद्धा उतरतात. भोके उतरत नाहीत. नव्या फिल्मला तिची स्वतःची, कारखान्यात पाडलेली भोके असतात. डिजिटल प्रतीत तर कडाच कापून टाकतात. त्यामुळे आपण आज इंटरनेटवर जे पाहतो त्यात दादासाहेबांची मांडणी आहे, साळुंक्यांचा पदर आहे, तेलंगांचे हँडल आहे, चादरीवरून आलेला उजेडही आहे. भोके तेवढी नाहीत.

म्हणून एक विनंती. पुढच्या ३ मेला आपल्या पानावर सरस्वतीबाईंचा फोटो छापाल तेव्हा खाली ‘त्यागमूर्ती’ किंवा ‘सहधर्मचारिणी’ न लिहिता एवढेच छापावे: ‘सरस्वतीबाई फाळके. राजा हरिश्चंद्र, १९१३. परफोरेशन, रसायनशाळा, परावर्तक, भोजनव्यवस्था. भांडवलात हिस्सा.’ ओळ लांब होत असेल तर फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आपले,
जुन्या फिल्मच्या जतनाचे काम करणारे काही वाचक